सुई टोचण्याआधी एमआरआय: प्रोस्टेटच्या तपासणीचा क्रम आणि रिपोर्टची भाषा

पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा ४ च्या वर गेला की घरात एकच प्रश्न उभा राहतो: कॅन्सर तर नाही ना? मुंबईत पन्नाशीनंतरच्या हेल्थ चेकअपमध्ये हल्ली बऱ्याचदा पीएसए असतो. त्यामुळे लघवीची काहीही तक्रार नसलेल्या माणसाच्या मोबाइलवरही एक दिवस ६.८ असा ठळक केलेला आकडा येऊन पडतो. मग सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणतं, लगेच बायोप्सी उरकून घ्या. कोणी म्हणतं, वयाबरोबर वाढतोच, सोडून द्या. कोणी म्हणतं, आधी एमआरआय काढा.

शेवटचा सल्ला बरोबर आहे, फक्त एमआरआयकडून काय अपेक्षा ठेवायची ते माहीत हवं. कॅन्सर आहे की नाही हे शेवटी सुईने काढलेल्या तुकड्यावरच ठरतं. एमआरआय त्याच्या आधीच्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो: सुई टोचायची गरज आहे का, आणि टोचायची तर नेमकी कुठे. ही दोन उत्तरं हाती असली की पुष्कळ पुरुषांची बायोप्सी टळते, आणि ज्यांना ती खरोखर हवी त्यांची सुई योग्य जागी जाते.

त्याआधी पीएसए पुन्हा तपासा

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम, आणि त्यातलं थोडंसं रक्तात झिरपतं. ग्रंथी वाढली, सुजली, दुखावली तरी झिरपणं वाढतं. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल, लघवी तुंबून नळी घालावी लागली असेल, तर आकडा दोन-तीन पट होऊ शकतो आणि खाली यायला काही आठवडे घेतो. अशा वेळी साधारण सहा आठवडे थांबून पुन्हा रक्त द्यावं. त्याआधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबचं सायकलिंग टाळावं. शक्यतो लॅब तीच ठेवावी, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर आकडा थोडा बदलतो.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त धोक्याची. लघवीची धार बारीक झाली म्हणून अनेकांना टॅमसुलोसिनसोबत ड्युटास्टेराइड असलेली एकत्र गोळी चालू असते. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए जवळपास निम्मा होतो. म्हणजे रिपोर्टवरचा ३.५ हा प्रत्यक्षात ७ च्या आसपास धरायचा. गोळीची स्ट्रिप डॉक्टरांना आणि स्कॅन सेंटरलाही दाखवा. तोंडी 'लघवीची गोळी' म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही.

आंधळ्या सुईचा काळ

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी तिचं आकारमान २० ते २५ सीसी. साठीत ५०-६० सीसी होणं अगदी सर्रास, काहींची १०० च्याही पुढे जाते. या वाढीचा कॅन्सरशी संबंध नाही. ती होते नळीभोवतीच्या आतल्या भागात, ज्याला ट्रान्झिशन झोन म्हणतात. कॅन्सर मात्र साधारण ७० ते ७५ टक्के वेळा बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात, म्हणजे पेरिफेरल झोनमध्ये उगवतो. हे दोन शब्द लक्षात ठेवा, रिपोर्टमध्ये पीझेड आणि टीझेड म्हणून तेच येतात.

पूर्वी पीएसए वाढला की सरळ बायोप्सी व्हायची. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून ठरलेल्या जागांवरून साधारण बारा तुकडे घ्यायचे. अडचण अशी की प्रोस्टेटमधले बरेचसे कॅन्सर सोनोग्राफीत दिसतच नाहीत. म्हणजे सुई ग्रंथीत जायची, पण गाठ कुठे आहे हे माहीत नसताना. पुढच्या बाजूची, पोटाकडची गाठ हमखास सुटायची. दुसरीकडे, आयुष्यभर काही त्रास देणार नाहीत असे बारीक, संथ कॅन्सर योगायोगाने हाती लागायचे, आणि एकदा 'कॅन्सर' हा शब्द कागदावर आला की माणूस शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायचा.

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासाने हे मोजून दाखवलं. ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय झाला, मग नेहमीची बायोप्सी आणि शिवाय दर ५ मिलिमीटरवर सुई घालून केलेली अतिशय बारकाईची बायोप्सी. ही तिसरी तपासणी खरं-खोटं ठरवणारी कसोटी होती. उपचार लागणारा, गंभीर कॅन्सर एमआरआयने ९३ टक्के वेळा हेरला. नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. पुढच्या वर्षी ५०० पुरुषांच्या प्रिसिजन अभ्यासात, एमआरआयमध्ये दिसलेल्या जागीच सुई घालण्याच्या पद्धतीने गंभीर कॅन्सर ३८ टक्के जणांत सापडला, जुन्या पद्धतीने २६ टक्के. निरुपद्रवी कॅन्सर मात्र २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. एमआरआय गटातल्या २८ टक्के पुरुषांना सुई टोचावीच लागली नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने बायोप्सीआधी एमआरआय हा क्रम आपल्या मार्गदर्शनात घेतला.

क्रम उलटा झाला तर नुकसान होतं. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साचतं, आणि ते एमआरआयमध्ये गाठीसारखं दिसू शकतं किंवा गाठ झाकूही शकतं. आधीच बायोप्सी झाली असेल तर निदान सहा ते आठ आठवडे थांबून स्कॅन करावा आणि बायोप्सीची तारीख सेंटरला सांगावी.

यंत्राला काय दिसतं

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठं चुंबक आणि रेडिओ लहरी वापरून शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत घेतले जातात. त्याच ग्रंथीची तीन वेगवेगळ्या गुणांवरून चित्रं काढतात, म्हणून 'मल्टिपॅरामेट्रिक' हे नाव.

पहिलं चित्र टी-टूचं. पेरिफेरल झोनमधल्या बारीक नलिकांत द्रव असतो, म्हणून तो भाग पांढरा चमकतो आणि त्यात कॅन्सर काळसर डागासारखा दिसतो. पण जुनी सूज, व्रण, साचलेलं रक्त हेही काळेच दिसतात, आणि ट्रान्झिशन झोनमध्ये तर वाढलेल्या ग्रंथीच्या काळ्या-पांढऱ्या गुठळ्यांची दाटीच असते. म्हणून एकट्या टी-टूवर भिस्त ठेवत नाहीत.

दुसरं डिफ्युजन, आणि खरी कमाल इथे आहे. पाण्याचे रेणू सतत हलत असतात. निरोगी ग्रंथीत नलिकांच्या पोकळ्या असल्याने त्यांना फिरायला जागा मिळते. कॅन्सरच्या पेशी खेटून वाढतात, नलिका बुजवतात, आणि पाण्याची हालचाल अडते. ही अडलेली हालचाल उच्च बी-व्हॅल्यूच्या (डिफ्युजन किती तीव्रतेने टिपायचं याचं यंत्रावरचं सेटिंग) चित्रात पांढरी उठते आणि एडीसी नावाच्या नकाशात त्याच जागी काळी. दोन्हीकडे एकाच ठिकाणी ठळक खूण असेल तर शंका पक्की होते. चांगल्या स्कॅनमध्ये ही बी-व्हॅल्यू १४०० किंवा त्याहून जास्त असते. ८०० वर थांबलेल्या स्कॅनमध्ये निरोगी भागही थोडा चमकतो आणि लहान गाठ त्यात हरवते.

तिसरं कॉन्ट्रास्टचं. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध सोडून दर काही सेकंदांनी चित्रं घेतात. कॅन्सरमध्ये ते आजूबाजूच्या आधी किंवा त्याच वेळी भरतं. गुणांकनात याचा वाटा छोटा आहे, म्हणून ते लागतंच का असा प्रश्न होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राइम अभ्यासात कॉन्ट्रास्टशिवायच्या, म्हणजे बायपॅरामेट्रिक एमआरआयवर २९ टक्के पुरुषांत गंभीर कॅन्सर सापडला आणि कॉन्ट्रास्टसह ३० टक्के. फरक नगण्य. वेळही ३०-४० मिनिटांवरून १५-२० मिनिटांवर येतो. मात्र त्या अभ्यासात स्कॅनचा दर्जा राखलेला होता आणि वाचणारे जाणकार होते. डिफ्युजन खराब आलं असेल तर कॉन्ट्रास्टचा आधार लागतो. मूत्रपिंड ठीक असेल आणि सेंटर नवखं असेल तर कॉन्ट्रास्ट टाळण्याचा हट्ट धरू नये, असं आमचं मत.

नंबर लावताना आणि स्कॅनच्या दिवशी

चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आधी बघा. 'एमआरआय पेल्विस' म्हणजे ओटीपोटाचा सर्वसाधारण स्कॅन. त्यातले काप जाड असतात. हवा तो 'मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय प्रोस्टेट', ज्यात ३ मिलिमीटरचे काप फक्त ग्रंथीवर रोखून घेतात. चुकीचा स्कॅन झाला तर पैसे आणि एक दिवस वाया जातो, आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्र मिळालं तर उत्तम, पण १.५ टेस्लाचं नवं, नीट सांभाळलेलं यंत्र आणि रोज प्रोस्टेट वाचणारा रेडिओलॉजिस्ट ही जोडी, अधूनमधून प्रोस्टेट बघणाऱ्या ३ टेस्ला सेंटरपेक्षा बरी. सेंटरला फोन करून सरळ विचारा: प्रोस्टेटचे एमआरआय तुमच्याकडे नियमित होतात का, आणि रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स स्कोअर (कॅन्सरची शंका किती ते सांगणारा आकडा) देता का? केईएम, सायन, नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत किंवा परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवत असाल तर नंबर लगेच लागेलच असं नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर सहसा संथ वाढतो, तीन-चार आठवड्यांनी बहुतेकांचं काही बिघडत नाही. अपवाद लक्षात ठेवा: पीएसए खूप जास्त, हाडं किंवा पाठ सतत दुखणं, पायांतली ताकद कमी होणं, लघवी तुंबणं. यांत थांबायचं नाही.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी तयारी म्हणजे पोट साफ असणं. गुदाशय प्रोस्टेटला चिकटून आहे. तिथे गॅस असेल तर हवेच्या कडेला डिफ्युजनचं चित्र ताणलं जातं, वाकतं, आणि बिघाड नेमका पेरिफेरल झोनवर येतो, जिथे बहुतेक कॅन्सर असतात. आदल्या दिवशी उसळी, मिसळ, वाटाणा, हरभरा, कोबी आणि सोडा टाळा. रात्री वरण-भात किंवा मुगाची खिचडी पुरे. निघण्यापूर्वी शौचाला जाऊन या. बद्धकोष्ठ असेल तर सेंटरला आधी विचारा. काही ठिकाणी स्कॅनच्या काही तास आधी छोटा एनिमा देतात. आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिनचं इंजेक्शनही काही ठिकाणी देतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते आधीच सांगा.

सोनोग्राफीच्या सवयीने अनेक जण लिटरभर पाणी पिऊन, लघवी रोखून येतात. डोंबिवली किंवा वसईहून गर्दीतून तसं आलेला माणूस आत पाच मिनिटांत चुळबुळ करू लागतो, आणि हललं की चित्र पुसट. प्रोस्टेटच्या एमआरआयला भरलेलं मूत्राशय लागत नाही. आत जाण्यापूर्वी लघवी करून घ्या.

कॉन्ट्रास्ट द्यायचं असेल तर अलीकडचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन एमआरआयच्या कॉन्ट्रास्टसाठी बंद करावी लागत नाही. तो नियम सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या औषधासाठी, आणि तोही मूत्रपिंड कमजोर असलेल्यांसाठी आहे. दोन्हींची गल्लत फार होते.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण (लेथ किंवा वेल्डिंगवर काम केलेल्यांनी हे आवर्जून सांगावं) यांची माहिती नंबर लावतानाच द्या. हृदयातला स्टेंट बहुतेकदा चालतो, तरी कार्ड घेऊन जा. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर स्कॅन होतो, पण धातूमुळे डिफ्युजन बिघडतं; अशांना कॉन्ट्रास्टचा उपयोग होतो. आणि नातेवाइकांसाठी: चुंबक चोवीस तास चालू असतं, स्कॅन संपला तरी. २०१८ मध्ये मुंबईतल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. खोलीत काहीही न्यायला कोणीही सांगितलं, तरी तंत्रज्ञाने समोर येऊन होकार दिल्याशिवाय उंबरा ओलांडू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

सगळे आधी पाय-रॅड्सचा आकडा शोधतात. १ ते ५ मधला हा स्कोअर गंभीर कॅन्सर असण्याची शक्यता सांगतो: १ आणि २ म्हणजे शक्यता कमी, ३ म्हणजे सांगता येत नाही, ४ म्हणजे बरीच, ५ म्हणजे खूप. पाय-रॅड्स ४ म्हणजे चौथी स्टेज, असा समज करून घेऊन घरात रडारड होते. त्याचा स्टेजशी काही संबंध नाही. ४ आणि ५ मधला फरकही बऱ्याचदा मापाचा असतो: तशीच दिसणारी गाठ १५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, किंवा ग्रंथीबाहेर पसरल्याची स्पष्ट खूण असेल, तर ५. पीझेडमध्ये स्कोअर डिफ्युजनवरून ठरतो, टीझेडमध्ये मुख्यतः टी-टूवरून.

त्यानंतर ग्रंथीचं आकारमान बघा आणि एक भागाकार स्वतः करा. पीएसए भागिले आकारमान, याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. समजा मापं ५.२ × ४.६ × ५.० सेंटिमीटर आहेत. गुणाकाराला ०.५२ ने गुणलं की ६२ सीसी. पीएसए ६.८ असेल तर डेन्सिटी ०.११. तोच ६.८ एखाद्याच्या २८ सीसीच्या ग्रंथीतून येत असेल तर डेन्सिटी ०.२४. पहिल्याचा पीएसए बहुधा मोठ्या ग्रंथीचा आहे. दुसऱ्याच्या लहान ग्रंथीतून इतका पीएसए का येतोय, याचं उत्तर शोधायला हवं. ०.१५ ही साधारण सीमारेषा मानतात. पाय-रॅड्स २ आणि डेन्सिटी ०.१० च्या आत असेल तर पीएसएवर लक्ष ठेवून थांबणं बहुतेकदा योग्य. पाय-रॅड्स २ असूनही डेन्सिटी ०.२० च्या वर, किंवा वडील-भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल, तर बायोप्सीचा विचार करावा, कारण एमआरआयमधून काही गंभीर कॅन्सर निसटतातच. ३ स्कोअरच्या बाबतीत तर डेन्सिटीवरच बराच निर्णय होतो.

उलट दिशेची फसवणूकही असते. प्रॉमिसमध्ये गंभीर कॅन्सर नसलेल्यांपैकी फक्त ४१ टक्क्यांनाच एमआरआयने 'ठीक आहे' म्हटलं होतं. सुजलेली प्रोस्टेट कॅन्सरसारखी दिसू शकते. आपल्याकडे क्षयरोगाचं प्रमाण मोठं, म्हणून टीबीची प्रोस्टेटमधली सूज रेडिओलॉजिस्टच्या डोक्यात असावी लागते. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचे डोस घेतलेल्यांतही तशीच गाठीदार सूज येते आणि ती हुबेहूब पाय-रॅड्स ५ सारखी दिसू शकते. पूर्वी टीबी झाला असेल किंवा बीसीजी घेतलं असेल तर फॉर्मवर लिहा.

रिपोर्टमध्ये गाठीची जागा नकाशावर दाखवलेली असावी, डावी-उजवी, वर-मध्ये-खाली, पुढे-मागे अशा तपशिलासह. नुसतं 'प्रोस्टेटमध्ये संशयास्पद भाग' लिहिलेल्या कागदावरून सुई कुठे घालायची ते कळत नाही. चित्रांचा दर्जा कसा होता याचा उल्लेखही मागून घ्या. हालचाल किंवा गॅसमुळे बिघडलेल्या स्कॅनवरचा 'नॉर्मल' म्हणजे खात्री नव्हे. छापील फिल्मवर भागत नाही, मूळ डिजिटल चित्रं सीडी किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

मग सुई

गाठीतून काही तुकडे आणि बाकी ग्रंथीतून नेहमीचे, असं सहसा एकत्र घेतात. एमआरआयमधली गाठ सोनोग्राफीच्या पडद्यावर संगणकाने बसवतात त्याला फ्युजन बायोप्सी म्हणतात. अनुभवी डॉक्टर एमआरआय डोळ्यांसमोर ठेवून अंदाजानेही सुई घालतात. गाठ मोठी असेल तर तेही चांगलं चालतं, ६-७ मिलिमीटरची असेल तर फ्युजन बरं. सुई गुदाशयातून न घालता अंडकोश आणि गुदद्वाराच्या मधल्या त्वचेतून घातली तर जंतुसंसर्गाचा धोका कमी राहतो, आणि पुढच्या बाजूच्या गाठीपर्यंत पोहोचणंही सोपं जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसणं अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा स्कोअर) ३+३ आला तर तो सर्वांत संथ प्रकार, आणि त्यात बहुतेकांना शस्त्रक्रियेऐवजी ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि लागली तर पुन्हा बायोप्सी अशी देखरेख सुचवतात. ३+४ पासून पुढे उपचारांचा विचार जास्त गांभीर्याने होतो.

एक प्रसंग असा येतो की एमआरआय पाय-रॅड्स ५ म्हणतो आणि बायोप्सीत काहीच निघत नाही. इथे 'सुटलो' म्हणून फाइल कपाटात टाकायची नाही. एक तर सुई गाठीच्या बाजूने गेली, नाहीतर ती गाठ सुजेची आहे. मूळ चित्रं आणि पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या दोन्ही घेऊन रेडिओलॉजिस्ट आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांनी एकत्र बघावं, असा आग्रह धरा. पॅथॉलॉजीत टीबीच्या किंवा सुजेच्या खुणा स्पष्ट सापडल्या तर उत्तर मिळालं. नसतील तर काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय किंवा त्याच जागेची पुन्हा बायोप्सी लागते, आणि दुसरा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर, पहिली सीडी शेजारी लावून वाचून घ्यावा.